सहावी बाजू

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

‘मयत नामे इठाबाई लिंबाजी धोत्रे, राहणार उंबरटेक, वय अंदाजे पंचेचाळीस, हिचा मृत्यू आकाशातून उल्का पडून डोक्यास मार लागल्याने झाला.’ ही ओळ तुमची. खालची सही तुमची. गोल शिक्का तुमच्या तहसील कचेरीचा. आणि शेजारी निळ्या शाईत उठलेला अंगठा माझ्या बापाचा.

इठाबाई माझी माय. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि सातवीत शाळा सुटली होती. तुमचा कागद मला धड वाचता येत नव्हता. तो वाचता यावा म्हणून मी वाचायला बसले. आज एकवीस वर्षांनी त्याला उत्तर लिहितेय.

आधी उल्केचं सांगते. कारण उल्का खरोखर पडली होती.

पौषातली सकाळ होती, दहाचा सुमार. आम्ही पाथरवट. घर गावाबाहेर, टेकाच्या उतारावर. मी आणि बा अंगणात पाटा घडवत होतो. तो कड काढत होता, मी तोंडावर टाकी मारत होते. माय पाटे-वरवंटे घेऊन तालुक्याच्या बाजाराला गेली होती. आणि आभाळात एक ढग नसताना तीन आवाज झाले. पहिला मोठा, मागचे दोन त्याच्या अंगावर चढल्यासारखे. पत्रा थरथरला. शेळ्यांनी दावी ताणली.

“सुरुंग,” मी म्हणाले.

“भोंगा कुटं झाला?” बा म्हणाला.

आमच्या टेकाच्या डोक्यावर खडीची खाण होती. तिथं सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजे. भोंगा झाला की घरात शिरायचं, तुळईखाली उभं राहायचं, आणि दुसरा भोंगा झाला की बाहेर यायचं. खाणीला सगळ्यांत जवळचं घर आमचं, म्हणून आमच्या अंगात ते जास्त मुरलेलं. आठ वर्षं माय त्या भोंग्यावर जगली. तव्यावर भाकर असली तरी उतरवायची नाही, आधी तुळई. काळी भाकर खाल्ली की म्हणायची, “खाणीच्या मालकानं भाजलीया आज.”

बा वर बघत होता. आभाळात पांढरी रेघ होती, पिळलेल्या सुंभासारखी. ती हळूहळू फाटत गेली.

दगड पडला तो सरपंच नरहरी आप्पाच्या ज्वारीत. आम्ही पोचलो तेव्हा अर्धा गाव बांधावर उभा होता, आत कुणी जाईना. कोणी म्हणालं बॉम्ब आहे, कोणी म्हणालं विमानातनं काही तरी गळालं. आप्पा स्वतःच्याच रानात दुसऱ्याच्या मागं लपला होता. कोतवाल म्हणाला, “लिंबाजीला जाऊ द्या म्होरं. दगडाचं त्याला कळतंय.”

बा आत गेला आणि उकिडवा बसला. वितभर खड्ड्यात नारळापेक्षा थोडा मोठा दगड होता, वरून करपलेल्या भाकरीसारखा काळा, एका कोपऱ्याला फुटून आत राखाडी. बानं त्यावर तळहात ठेवला.

“गार हाय.”

मग त्यानं हातोडीची पाठ तीनदा वाजवली आणि कान खाली नेला. दगड ओळखायची आमची हीच रीत. डोळ्यांना दगड फसवतो, कानाला नाही. आतून घट्ट काळा दगड खणखणीत बोलतो. आतून चिरलेला घोगरा बोलतो. मुरूम गप्प राहतो. मी बापाचा असा चेहरा कधी बघितला नव्हता. ओळखीच्या घरात अनोळखी माणूस बसलेला दिसावा तसा.

“हा आपला न्हाई,” तो म्हणाला. “ह्या मातीतला न्हाईच.”

“मंग कुटला?” आप्पानं लांबून विचारलं.

“ते त्याला इचारा, आप्पा. मी नुसता वाजवितो.”

सगळे हसले. त्या दगडावर गाव हसलं ते तेवढंच.

संध्याकाळी माय टेम्पोतून उतरली. फाट्यावरच तिला कळलं होतं. डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आधी तिचं सुरू झालं. “जल्मभर दगडं फोडली मी! हाताची ही बघा घट्टं. आन् देवानं वरून एक धाडला तवा मी कुटं? तर बाजारात, लिंबाखाली, एका बाईसंगं वरवंट्यावर घासाघीस करायले!”

“तुला दाखवून टाकायला पायजे व्हता,” माझा भाऊ मसाजी, आमचा मसू, म्हणाला. तो चोवीस वर्षांचा होता. खाणीत मशीन चालवायचा, दगडात भोकं पाडायचं मशीन. त्याच भोकांत दारू भरून सुरुंग उडवत.

“गप रे. तू बघितला का?”

“बघितला की. लांब शेपूट व्हतं.”

“बघ! ह्यानं बघितला. ह्या मुंगळ्यानं बघितला!” तिला खरंच वाईट वाटलं होतं. रात्री जेवताना परत म्हणाली, “आता न्हाई यायचा का गं दुसरा?”

तिसऱ्या दिवशी पुण्याहून दगडं शिकलेल्या एक मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर तुम्ही आलात. पांढरी जीप होती. तुम्ही दगड दोन्ही हातांत धरून फोटो काढलात, बारशाचं मूल धरतात तसा. मॅडमनी लोहचुंबक लावून बघितलं, कोपऱ्याचा टवका भिंगाखाली धरला आणि बाला विचारलं, “तुम्ही कसं ओळखलंत काका?” बानं वाजवून दाखवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो आला आणि खाली एक ओळ, ‘गावातील पाथरवटानेही दगड आकाशातील असल्याचे ओळखले.’ ती ओळ पुढं तुमच्या उपयोगी पडली.

जाताना मॅडम म्हणाल्या, “हा वर फुटलेला आहे. याचे आणखी तुकडे आसपास असतील. टेकावर शोधा.” मग अख्खा तालुका आमच्या टेकावर चढला. एवढी माणसं खाणीभोवती फिरतायत, सुरुंग उडाला तर कुणाला तरी लागेल, असं मॅडमनीच तुमच्या कानावर घातलं. तुम्ही हुकूम काढलात की पंधरा दिवस खाण बंद. चांगलं केलंत. सगळ्या गोष्टीत तेवढं एक चांगलं केलंत, आणि ते कागदावरच राहिलं.

भोंगा बंद झाला आणि गावाची चाल बिघडली. दुपार झाल्याचं कळेना. शाळेची पोरं घंटेआधीच घरी येऊ लागली. इतकी वर्षं ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो नाही म्हणून माणसं बेचैन झाली. चालताना वर बघायची सवय गावाला लागली. नरहरी आप्पा वर बघत चालता चालता गटारीत गेला आणि चार दिवस लंगडत होता. मायला मात्र मजा वाटत होती. सूप घेऊन अंगणात बसायची, दाणे पाखडायची आणि मधूनच हात कपाळाला लावून आभाळ बघायची.

“काय बघायलीस? तुकडे खाली पडल्यालेत, वर न्हाई,” मी म्हणायची.

“एकाला वाट सापडली तर दुसऱ्याला न्हाई व्हय सापडायची?”

मला ते आवडत नव्हतं. का ते सांगता येत नाही. टेक फार शांत झालं होतं. आमच्या दारातून रोज दिसणारी धूळ दिसत नव्हती, आणि घारी खाणीवर न फिरता आमच्या घरावर फिरायच्या. बा कामात चुकू लागला. चांगला वरवंटा त्याच्या हातून दोनदा फुटला.

नवव्या दिवशी सकाळी खाणीचा मुकादम मोटारसायकलवर आला. गाडी बंद न करताच मसूशी बोलला. मसू आत आला आणि खुंटीवरचा सदरा काढू लागला.

“बंद खाणीत कसलं रं काम?” मायनं विचारलं.

“पाणी उपसायचंय म्हन्तेत. तळाला साठलंय.”

“मंग भिजशील की. नवा नको, तो इटका घाल.”

त्यानं जुना सदरा घातला. तिनं दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. घेताना तो तिच्याकडं बघत नव्हता, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं होतं की नाही, देव जाणे.

ऊन डोक्यावर आलं होतं. बा नदीकडं गेला होता. मी अंगणाच्या कडेला घडलेल्या पाट्यांच्या चवडीपाशी होते. माय चुलीपुढं. आणि आवाज झाला.

भोंगा झाला असता तर ती तुळईखाली गेली असती. आठ वर्षं गेली होती. आज भोंगा नव्हता. खाण बंद होती. तुमच्या हुकमानं बंद होती. म्हणून बिनभोंग्याचा तो आवाज तिच्या मनात एकाच गोष्टीचा होता.

“द्वारके! आला गं! दुसरा आला!”

ती बाहेर पळत आली. हात पिठाचे. एक हात कपाळावर धरून मान वर केली. ती हसत होती, साहेब. तुमच्या कागदात हे नाही. मी सरळ वर बघितलं, आभाळात रेघ नव्हती. मग काळं काही तरी दिसलं, वरून नाही, टेकाच्या अंगानं, तिरकं, गोफणीतून सुटल्यासारखं. मी ‘माय’ म्हणाले की नाही तेही मला माहीत नाही.

पाट्याएवढा दगड होता. मी तो तिच्या अंगावरून ढकलायला गेले आणि माझा अंगठा एका खाचेत गेला. नळी उभी चिरावी तशी लांब, गोल, आतून गुळगुळीत खाच. आत पांढरी भुकटी होती. ती माझ्या अंगठ्याला लागली.

माणसं जमली. बायका ओरडत होत्या, “दुसरी पडली, दुसरी पडली.” तेवढ्यात टेकावरून मसू पळत आला. पाणी उपसायला गेलेला माणूस. त्याचा सदरा कोरडा होता. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. तो मायच्या तोंडाकडं गेला नाही. दगडापाशी बसला, खाचेत अंगठा घातला आणि तसाच बसून राहिला.

बा आला. त्यानं मायचे डोळे मिटले. मग दगडाकडं वळला. सवयीनं हातोडी उचलली, पण वाजवली नाही. ठेवून दिली.

तुम्ही दोन तासांत आलात. नेहमी तुम्हाला गावात यायला दोन महिने लागतात.

पंचनाम्याला आप्पा पंच होता. त्याला तुम्ही विचारलंत, “काय सरपंच, तसाच आवाज?” तो म्हणाला, “तसाच साहेब, थेट तसाच.” मग तुम्ही बाला पाट्यांच्या चवडीमागं नेलंत. मी मायच्या अंगावर घालायला धडपं शोधत पलीकडं उभी होते. तुम्ही मला बघितलं होतंत. पण रडणारी बाई साहेबाला दिसत नाही.

“लिंबाजी, मुलगा कुठं असतो कामाला?”

“खाणीत. मशीनवर.”

“खाण तर बंद आहे.”

“व्हय. पर सायेब, दगड—”

“थांब. नीट ऐक. खाण बंद आहे. मालक परगावी आहे. बंद खाणीत सुरुंग उडाला असं तू म्हणालास, तर तो उडवला कुणी? भोक कुणी पाडलं? भोक पाडणाऱ्याचं नाव आधी लिहावं लागतं. ते माझ्या हातात नाही.”



“नाही तर आभाळ आहेच,” तुम्ही म्हणालात. “नऊच दिवस झाले. पेपरात आलंय. तूच ओळखलास म्हणून आलंय.” मग आवाज खाली आणलात, अगदी मायेनं बोलल्यासारखा. “तुझी बायको आभाळानं मारली की पोरानं, ते तू सांग. मी तसं लिहितो.”

मी आयुष्यात पुष्कळ क्रूर माणसं बघितली. पण इतक्या सोप्या भाषेत कुणी बोललेलं ऐकलं नाही.

शेवटी बाचा आवाज आला. “दगड आमाला द्या, सायेब. आमच्या घराण्यात रीत हाय. रगत लागलेला दगड बिनघडीचा ठेवत न्हाईत. तिसऱ्या दिवशी घडून मातीवर, माथ्याशी लावायचा.”

तुम्ही एकदम मोकळे झालात. “घे की. रीत ती रीत. पण पुरा घडव. सगळ्या बाजूंनी. आणि कपच्यासुद्धा तिथंच पुरा. त्या पुण्याच्या मॅडम शनिवारी येतायत, त्याच्या आत उरका. उगीच त्यांनी मागायला नको, भावना असतात तुमच्या.”

डॉक्टरनं ‘डोक्यास मार’ एवढंच लिहिलं. मार कशाचा, ते तुम्ही लिहिलंत. बानं अंगठा दिला.

आमच्यात पुरतात. माय त्याच संध्याकाळी मातीत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दगड अंगणात घेतला. तुमचा कोतवाल येऊन बसला होता. “साहेब म्हणाले, बघून ये,” असं त्यानं बिचाऱ्यानं खरं सांगून टाकलं.

आमच्या रीतीत पहिला घाव पोटच्यानं द्यायचा असतो. बानं हातोडी-छिन्नी मसूपुढं धरली. मसूचा हात वर गेलाच नाही. छिन्नी हातातून गळून दगडावर वाजली, आणि दगड बोलला. खणखणीत. आपल्या मातीतला, आपल्या टेकाचा, लहानपणापासून मला ठाऊक असलेला आवाज. कोतवालालासुद्धा कळला असावा, त्यानं मान खाली घातली.

“माझ्यानं न्हाई व्हायचं, बा.”

“मंग द्वारके, तू.”

मी घाव घातला. ठिणगी उडाली. दुसरा घातला नाही. म्हणाले, “बा, खाचेची बाजू ऱ्हाऊ दे.”

“बिनघडीचा लावत न्हाईत.”

“हे कोण सांगतंय? रीत का सायेब?”

त्यानं माझ्या हातातून हातोडी घेतली. “कोतवाल, कपच्या डोळ्यात उडतेत, लांब जाऊन बस. मसू, मातीला पाणी घालून ये. द्वारके, तू झऱ्याचं पाणी आण. दगड धुवाया लागंल.”

“घरात हाय पाणी.”

“झऱ्याचं आण म्हणलं ना!”

मी घागर घेऊन गेले. जाताना-येताना त्याच्या छिन्नीचा आवाज ऐकत होते. एकेक घाव म्हणजे माझ्या मायचा एकेक साक्षीदार मरत होता. परत आले तेव्हा दगड घडून अंगणात बसला होता. कडा सरळ, तोंड सपाट, बाजू साफ. कोतवाल कपच्यांचा ढीग बघून उठला. “झाक झालाय,” तो म्हणाला आणि जीभ चावली.

मी बाला सगळ्यांदेखत म्हणाले, “तू मायला दोनदा मारलीस.”

तो दगड धूत राहिला. बा आणि मसूनं दगड उचलून नेला आणि तिच्या माथ्याशी बसवला. आठव्या दिवशी मसू गाव सोडून गेला. कधी विटांच्या भट्टीवर, कधी बाजार समितीत पोती उचलत तो जगला. मशीनला परत हात लावला नाही. खाण पंधरा दिवसांनी सुरू झाली. भोंगा वाजला आणि मी एकटी तुळईखाली उभी राहिले.

मी बापाच्या घरात राहिले, त्याला भाकर घातली, पण एकवीस वर्षं सरळ बोलले नाही. जेवायला ठेवलंय. औषध घ्यायचंय. एवढंच. तो पाटे घडवत राहिला. त्याच्या हातचा पाटा उलटा केला तरी खालून तोंडासारखा साफ निघायचा. बाजारात बाया म्हणायच्या, “खालून कोण बघतंय लिंबाजीमामा?” तो म्हणायचा, “मी बघतो की.”

गेल्या चैत्रात तो अंथरुणाला खिळला. एका सकाळी मी पेज भरवत होते. त्यानं चमचा हातानं बाजूला केला.

“द्वारके, पाट्याला बाजू किती?”

मला वाटलं, भ्रम झालाय. “सहा.”

“तुझ्या मायच्या दगडाच्या मी किती घडविल्या?”

मी त्याच्याकडं बघितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

“पाच,” तो म्हणाला. “सहावी मातीकडं केली. कोतवालाला उठविलं, तुला उठविलं, आन् पालथा केला. उभ्या जिनगानीत एवढा एकच दगड अर्धा सोडला मी.”

“मला का न्हाई सांगितलंस, बा?”

“तू गप बसली असतीस व्हय?”

नसते बसले. त्याला ते माहीत होतं. मी बोलले असते आणि मसू आत गेला असता. म्हणून त्यानं स्वतःच्या तोंडचा घास नव्हे, लेकीच्या मनातली आपली जागा सोडून दिली. ‘मायला दोनदा मारलीस’ हे वाक्य घेऊन तो माझ्या हातचं खात राहिला.

“मसूला इचार,” तो म्हणाला. “त्यो म्हणंल तर उचला. न्हाई म्हणंल तर ऱ्हाऊ द्या. दगड कुटं जातोय.”

तीन दिवसांनी तो गेला. मसू मातीला आला. डोकं पांढरं झालेलं, ह्या वेळी खरोखरचं. दहावं झालं आणि मी त्याला सांगितलं. तो दचकला नाही.

“मला म्हाईत हाय.”

“बानं सांगितलं व्हतं?”

“कवाच न्हाई. उचलून नेताना खालून माझे हात व्हते. अंगठा आत गेला. तवा कळलं, बानं मला सोडलं न्हाई. नुसतं झाकलंय.” थोड्या वेळानं म्हणाला, “मुकादम म्हणला व्हता, रस्त्याचं काम आडलंय, भोंगा न लावता दोनच उडवू, सायबाला म्हाईत हाय. मी इचारायला पायजे व्हतं, कोणत्या सायबाला. न्हाई इचारलं. एकवीस वर्षं वाट बघायलो, कवा कोण तरी मलाच इचारंल.”

तो उठला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि माझ्या आधी चालू लागला. सकाळचं कोवळं ऊन होतं. आम्ही दोघांनी दगड उलथला. खाली मुंग्यांची अंडी, पांढरी मुळं, आणि ओल्या मातीत झोपलेली सहावी बाजू. एक घाव नाही. मधोमध ती खाच, लांब, गोल, जराशी तिरकी.

मसूनं माती पुसली आणि अंगठा ठेवला. “माझ्याच मशीनचं. दांडी वाकलेली व्हती, भोक तिरकं जायाचं. मुकादमाला सांगितलं व्हतं मी.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “लिही. माझं नाव पयलं लिही.”

साहेब, पुण्याच्या मॅडमचा अहवाल मी मागवून वाचला. अक्षर अक्षर लावून वाचला. त्यात उंबरटेकला पडलेला दगड एक आहे. एकच. दुसऱ्याचा त्यांना पत्ताच नाही; त्या शनिवारी तुम्ही त्यांना टेकावर आणलंच नाहीत. म्हणजे सरकारच्या एका कागदावर एक दगड पडला आणि दुसऱ्या कागदावर दोन. तो दुसरा आज मायच्या मातीवर उताणा आहे, सहावी बाजू वर. आम्ही तो परत पालथा घातला नाही. येणारे-जाणारे थांबतात आणि अंगठा घालून बघतात. तुम्ही निवृत्त झाला असाल. गुडघे दुखत असतील. तरी या आणि तुमचाही घालून बघा.

भोक पाडणाऱ्याचं नाव आधी लिहावं लागतं, असं तुम्ही म्हणाला होतात. हे घ्या, लिहिलं. मसाजी लिंबाजी धोत्रे. माझा सख्खा भाऊ. त्यानं स्वतः सांगितलं, मी स्वतःच्या हातानं लिहिलं.

बंद खाणीत त्याला कुणी बोलावलं? भोंगा वाजवू नका हे कुणी ठरवलं? ‘साहेबाला माहीत आहे’ म्हणजे कोणत्या साहेबाला?

आधीचं नाव झालं. आता पुढचं नाव सांगा.